नंदलाल बोस

बिहारमधील खरगपूर येथे ३ डिसेंबर १८८२ रोजी एका बंगाली कुटुंबात नंदलाल बोस यांचा जन्म झाला. मूर्ती घडविणे, पूजेचे मंडप सजविणे यांचा त्यांना बालपणापासून नाद होता. पुढे कलकत्त्यास गेल्यावर महाविद्यालयीन अभ्यासात त्यांचे मन रमेना. अखेर ते कलाविद्यालयात अवनींद्रनाथ ठाकूर यांचे शिष्य झाले.

अवनींद्रनाथांची रीत मोठी सावकाशीची. कागदावर रंगाचा थर द्यावयाचा, तो पाण्याने धुवावयाचा, पुन्हा थर द्यावयाचा. या रीतीत नंदलाल निष्णात झाले. परंतु १९०९ साली ते भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी अजिंठ्यास आले आणि तेथील वळणदार, जिवंत रेषांनी त्यांच्या मनात घर केले. १९२४ साली रवींद्रनाथांसमवेत ते चीन व जपान या देशांत गेले. तेथील चित्रकार कुंचला शाईत बुडवून एका दमात चित्र काढीत. शाईची रेषा एकदा उमटली की पुसता येत नाही. म्हणून हात उचलण्यापूर्वी डोळ्यांनी पुष्कळ काम करून ठेवावे लागते. झरझर काढलेले चित्र आणि घाईने उरकलेले चित्र यांत अंतर आहे ते हेच.

शांतिनिकेतनातील कलाभवनात ते विद्यार्थ्यांना शिकवीत, आणि स्वतः लहानलहान कार्डांवर झाडे, जनावरे, वाटसरू रेखाटीत. १९३० च्या दांडीयात्रेनंतर त्यांनी काठी घेऊन चाललेल्या गांधीजींचे काळ्या-पांढऱ्या रेषांचे चित्र कोरले. थोड्याच रेषा, पण त्या पावलांतील निर्धार लपत नाही.

या रेषेची खरी कसोटी १९३८ साली लागली. गुजरातमधील हरिपुरा या खेड्यात काँग्रेसचे अधिवेशन भरावयाचे होते. सुमारे सव्वा वर्षापूर्वी खानदेशातील फैजपूरच्या अधिवेशनाची सजावट नंदलालांनी बांबू व गवत यांतून उभारली होती. येथेही साधने साधीच हवी होती. आणि चित्रे अशी की, रस्त्याने जाणाऱ्या शेतकऱ्यालाही ती चालता चालता कळावीत. थरावर थर देत बसण्यास सवड कोठली! नंदलाल आधी आसपासच्या खेड्यांतील माणसे शाईने टिपत हिंडले. मग साध्या कागदावर, मातीच्या रंगांत, जाड कुंचल्याने त्यांनी चित्रे रंगविण्यास प्रारंभ केला. ढोल वाजविणारा, कपडे शिवणारा शिंपी, कापूस पिंजणारा पिंजारी, धान कांडणाऱ्या बाया! पाठीचा बाक एका फटकाऱ्यात, हाताचा झोक दुसऱ्यात. शिष्यांच्या साहाय्याने सुमारे ४०० चित्रे सिद्ध झाली आणि प्रवेशद्वारांवर व मंडपांवर झळकली. राजेरजवाड्यांच्या दालनांत कधीही पाऊल न टाकलेल्या माणसांनी त्या चित्रांत आपलेच रोजचे काम पाहिले.

स्वातंत्र्यानंतर भारतीय संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची पाने त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी सजविली. १९५४ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. १६ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. चार दिवसांच्या उत्सवासाठी काढलेल्या हरिपुऱ्याच्या चित्रांपैकी अनेक चित्रे दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत.