लोकमान्यांचे घरचे गणितगुरू

शाळा उघडण्याच्या दिवसांत धारवाडच्या सुभाष रोडवर काय किंवा आपल्या म्हापसा-मडगावात काय, पालक मुलांसाठी कंपासपेट्या घेताना दिसतात. घरी आल्यावर मात्र त्यातील कोनमापक बहुधा शिकवणीवर्गाच्या स्वाधीन होतो. १ ऑगस्ट या लोकमान्य टिळकांच्या पुण्यतिथीला त्यांच्या पहिल्या गणितगुरूंचे स्मरण म्हणूनच उचित ठरते. हे गुरू म्हणजे त्यांचे वडील.

गंगाधरपंत टिळक पेशाने शिक्षक होते. संस्कृत आणि गणित या दोन्ही विषयांत त्यांचा अधिकार होता; त्रिकोणमितीवर त्यांनी पाठ्यपुस्तकही लिहिले. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या बाळला या दोन्ही विषयांचे धडे प्रथम घरीच मिळाले. बाणभट्टाची ‘कादंबरी’ वाचायला हवी असेल तर आधी एक अवघड गणित सोडव, अशी अट वडिलांनी घातल्याची आठवण चरित्रकार सांगतात. गणित सुटले आणि ग्रंथ हाती आला. उत्तर आयते द्यायचे नाही, पण उत्तराची ओढ लावायची, ही त्यांची रीत होती.

१८६६ मध्ये बदलीमुळे हे कुटुंब पुण्यास आले. त्यानंतर लवकरच आई पार्वतीबाई गेल्या. १८७२ मध्ये गंगाधरपंतही निवर्तले, तेव्हा बाळ अवघा सोळा वर्षांचा होता. वडिलांचा सहवास संपला. त्यांनी लावलेली सवय मात्र सुटली नाही. डेक्कन कॉलेजात टिळकांनी गणिताचे अध्ययन केले आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात तोच विषय शिकवला.

१८९३ मध्ये त्यांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आकाशातील दोन वर्तुळे, क्रांतिवृत्त आणि विषुववृत्त, एकमेकांना छेदतात. तो छेदनबिंदू सुमारे बहात्तर वर्षांत एक अंश सरकतो. या संथ सरकण्याच्या आधारे त्यांनी वेदांचा काळ मोजू पाहिला. त्यांचे निष्कर्ष पुढे सर्वमान्य झाले नाहीत. पण राजकारणाच्या धामधुमीतही कोनांचा हा हिशेब मांडण्याची हौस घरातील त्या पहिल्या धड्यांशी नाते सांगते.

प्रत्येक पालकाला त्रिकोणमिती येईलच असे नाही. पण अर्धवट उघडलेल्या दाराचा कोन कोणता, अंगणातील रांगोळीत समांतर रेषा किती, एवढे कोणीही विचारू शकतो. गंगाधरपंतांना त्यासाठी जेमतेम सोळा वर्षे मिळाली. ती पुरली.