हा संदेश नेमका कोणाचा?

वॉर्डातला मॉनिटर अचानक वाजू लागतो. पडद्यावरची रेषा वेडीवाकडी धावते, हृदयाची लय जीवघेणी बिघडल्यासारखी दिसते. नवा निवासी डॉक्टर इंजेक्शनकडे धावतो. अनुभवी सिस्टर मात्र आधी रुग्णाकडे पाहतात. आजोबा शुद्धीवर असतात, नाडी नीट लागत असते. कंपवातामुळे त्यांचा हात थरथरत असतो आणि छातीवरचा एक इलेक्ट्रोड सुटत आलेला असतो. यंत्राने हाताची थरथर हृदयाच्या खात्यात जमा केलेली असते! अशा वेळी मला निकोला टेस्ला आठवतो. नको असलेल्या लहरींनी यंत्र फसू नये म्हणून त्याने आयुष्यातली काही वर्षे खर्ची घातली. आणि एकदा तो स्वतःच फसला असावा.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ रोजी आजच्या क्रोएशियातील स्मिल्यान या खेड्यात झाला. वडील धर्मगुरू होते आणि मुलानेही तोच मार्ग धरावा, अशी त्यांची इच्छा होती. १८७३ मध्ये त्याला पटकीने गाठले. नऊ महिने तो अंथरुणाला खिळून होता. पोरगा हातचा जातो की काय, या धास्तीने वडिलांनी त्याला इंजिनीअरिंगला पाठवण्याचे कबूल केले. तो वाचला. पुढे ग्राझ, बुडापेस्ट, पॅरिस असा प्रवास करून १८८४ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचला. आज आपल्या घरात येणाऱ्या प्रत्यावर्ती विजेच्या प्रणालीत त्याचा मोठा वाटा आहे, हे अनेकांना ठाऊक असते. त्याच्या छोट्या बोटीची गोष्ट मात्र कमी जणांना माहीत असते.

१८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील विद्युत प्रदर्शनात त्याने पाण्याच्या हौदात सुमारे चार फुटांची लोखंडी बोट सोडली. कोणतीही तार न जोडता ती त्याच्या इशाऱ्यावर वळे, थांबे, दिवे लावी. आत माकड लपवले असावे, अशीही शंका काही प्रेक्षकांना आली म्हणतात. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्याला या शोधाचे पेटंट मिळाले. आज मैदानावर मुले जी रिमोटची विमाने आणि गाड्या चालवतात, त्यांची ही पणजी.

बोटीतला रिसीव्हर म्हणजे धातूच्या कणांनी भरलेली नळी. लहरी आल्या की कण एकमेकांना चिकटत आणि वीज वाहू लागे. मग घड्याळासारखी यंत्रणा नळी उलटी करून कण मोकळे करी आणि ती पुढच्या संदेशासाठी तयार होई. अडचण अशी, की जवळपास कुठे जोराची ठिणगी पडली तरी अशी नळी जागी होऊ शकते. मालकाचा हुकूम कोणता आणि वाटसरूचा गोंगाट कोणता, हे तिला कळत नाही. युद्धात अशी बोट वापरायची तर शत्रूच तिला वळवू शकेल.

टेस्लाने यावर तोड काढली. १९०० मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केले, ते १९०३ मध्ये मंजूर झाले. कल्पना सोपी होती. एकाऐवजी दोन किंवा अधिक वेगवेगळ्या वारंवारितेच्या लहरी पाठवायच्या आणि त्या सगळ्या पोहोचल्या तरच यंत्राने हालचाल करायची. बँकेचा लॉकर जसा आपली आणि बँकेची अशा दोन्ही किल्ल्या लागल्याशिवाय उघडत नाही, तसेच. आजच्या २.४ गिगाहर्ट्झच्या हौशी रिसीव्हरची तंत्रे वेगळी आहेत, पण गरज तीच आहे. ट्रान्समीटरशी त्याची एकदा ओळख करून द्यावी लागते. याला बाइंडिंग म्हणतात. मग तो दुसऱ्या कोणाचा हुकूम मानत नाही.

याच काळातली दुसरी गोष्ट. १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या प्रयोगशाळेत एका रात्री त्याच्या संवेदनशील रिसीव्हरवर ठरावीक क्रमाने टिकटिक नोंदली गेली. विजांचा कडकडाट इतका शिस्तीत येत नाही, हे तो जाणून होता. हे परग्रहावरून आलेले संदेश असावेत, अशी त्याची खात्री पटत गेली आणि १९०१ मध्ये त्याने तसे जाहीर लिहिलेही. त्या टिकटिकीचा उगम आजवर निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. मंगळवासी मात्र सापडलेले नाहीत. बोटीला दोन किल्ल्यांचे कुलूप लावणाऱ्या या माणसाने स्वतःच्या आशेला तसे कुलूप लावले नाही.

पुढची वर्षे कठीण गेली. लाँग आयलंडवरचा त्याचा महत्त्वाकांक्षी मनोरा पैशांअभावी अपुरा राहिला आणि १९१७ मध्ये पाडला गेला. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या हॉटेलातील खोलीत ८६ वर्षांचा टेस्ला एकटाच वारला. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनी कंपनीच्या पेटंटमधील महत्त्वाचे दावे रद्द केले. लॉज, स्टोन आणि टेस्ला यांचे काम त्याआधीचे होते. हा निकाल ऐकायला टेस्ला उरला नव्हता.

रिमोटचे विमान हवेत झटके देऊ लागले की हौशी मंडळी आधी बाहेरच्या लहरींना दोष देतात. जाणकार मात्र घरातून सुरुवात करतो. बॅटरी उतरली आहे का, जोडणी सैल आहे का, अँटेना मोटरच्या तारांना किंवा कार्बन फायबरला चिकटली आहे का, जमिनीवर रेंज तपासली का? वॉर्डातही हाच क्रम असतो. आधी रुग्ण, मग इलेक्ट्रोड, मग मॉनिटर, आणि शेवटी औषध. घरच्या रक्तदाब यंत्राने किंवा मनगटावरच्या घड्याळाने भलताच आकडा दाखवला, तर छातीत दुखणे, धाप, चक्कर असे काही होते आहे का ते आधी पाहा. होत असेल तर यंत्राशी वाद घालत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. काहीच होत नसेल तर पाच मिनिटे शांत बसून पट्टा नीट बांधा आणि पुन्हा मोजा. आकडा तसाच राहिला तर डॉक्टरांना जरूर दाखवा. एका किल्लीवर कुलूप उघडायचे नाही, हे टेस्लाने बोटीला शिकवले होते. आपणही शिकायला हरकत नाही.