इंजिनाला श्वास देणारे आल्फ्रेड ब्यूखी

उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात येणारी महाकाय मालवाहू जहाजे आणि शनिवारी-रविवारी वडखळ नाक्यावरून अलिबागकडे वळणाऱ्या मोटारी यांच्यात तसे पाहता फारसे साम्य नाही. एकाचे इंजिन इमारतीएवढे, तर दुसऱ्याचे बॉनेटखाली मावणारे. तरीही या जहाजांच्या इंजिनांत आणि त्या मोटारींपैकी अनेकींत एक भाग समान आढळतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर फिरणारा आणि त्याच जोरावर इंजिनात अधिक हवा कोंबणारा टर्बोचार्जर! बाहेर फेकली जाणारी ही शक्ती कामाला लावण्याची कल्पना शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने मांडली. दाब तयार होत नाही, गाडीला पिकअप नाही, ही जुन्या टर्बो मोटारींच्या मालकांची नित्याची तक्रार. या रोगाचे पहिले रुग्ण ठरले ते खुद्द ब्यूखी यांचेच इंजिन, आणि त्याचे निदान करण्यात त्यांच्या आयुष्याची ऐन उमेदीची वीस वर्षे खर्ची पडली.

ब्यूखी यांचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर या कारखान्यांच्या गावी झाला. वडील तेथीलच सुल्झर या प्रख्यात यंत्रनिर्मिती कंपनीत वरिष्ठ पदावर होते. साहजिकच यंत्रांची धडधड लहानपणापासून कानावर पडत होती. झुरिचच्या तंत्रशिक्षण संस्थेतून १९०३ मध्ये यांत्रिकी अभियांत्रिकीची पदविका घेतल्यानंतर त्यांनी बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये उमेदवारी केली. इंधनातील शक्तीचा मोठा हिस्सा धुराबरोबर आकाशात निघून जातो, ही गोष्ट याच काळात त्यांच्या मनाला लागून राहिली. ती वाया जाणारी शक्ती पकडायची कशी, या विचारातून १६ नोव्हेंबर १९०५ च्या तारखेचे त्यांचे पहिले पेटंट जन्माला आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सव्वीस होते.

त्या आराखड्यात हवा दाबणारा कॉम्प्रेसर, इंजिन आणि धुरावर फिरणारे टर्बाइन असे तिन्ही भाग एकाच दांड्यावर बसवलेले होते. कागदावर सारे चोख होते. मात्र त्या काळातील धातू एवढी उष्णता सोसणारे नव्हते आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमताही बेताचीच होती. मायदेशी परतून सुल्झरमध्ये डिझेल इंजिनांच्या संशोधनाची सूत्रे हाती घेतल्यावर ब्यूखी यांनी १९११ मध्ये प्रायोगिक संच उभारला. पहिले महायुद्ध सुरू असताना, १९१५ च्या सुमारास, नमुना इंजिन तयार झाले. परंतु ते भरवशाचे ठरले नाही. जेवढी अधिक शक्ती अपेक्षित होती तेवढी मिळेना. कंपनीचा उत्साह मावळला. ब्राऊन बोव्हेरी या टर्बाइन बनवणाऱ्या स्विस कंपनीकडे त्यांनी सहकार्याचा प्रस्ताव नेला, तोही लगेच फळाला आला नाही. वरिष्ठ अधिकाऱ्याचा मुलगा असल्याने ब्यूखी यांना बराच काळ प्रयोग करता आले, हे नजरेआड करून चालणार नाही. एखाद्या साध्या कामगाराच्या मुलाला एवढी वर्षे कोणी पोसले असते की नाही, याची शंकाच आहे.

दरम्यान, इतर देश स्वस्थ बसले नव्हते. उंचावरच्या विरळ हवेत विमानांची इंजिने दमछाक झाल्यासारखी मंदावत. त्यावर उपाय म्हणून फ्रान्समध्ये ऑगस्ट रातो यांनी टर्बोचे प्रयोग केले. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये सुमारे १४ हजार फूट उंचीच्या पाइक्स पीक या डोंगरावर इंजिन नेऊन चाचणी घेतली. ब्यूखी यांचा रोख मात्र जहाजे आणि स्थिर इंजिने यांच्यावरच राहिला.

अखेर दोष कोठे होता? टर्बाइनमध्ये नव्हता, कॉम्प्रेसरमध्येही नव्हता. तो होता मधल्या नळ्यांत! सर्व सिलिंडरांचा धूर एकाच मोठ्या नळीत सोडला, की एका सिलिंडरची धूर बाहेर टाकण्याची वेळ संपत आलेली असताना दुसऱ्याचा लोट त्या नळीत घुसतो आणि पहिल्याला मागे रेटतो. जळका वायू आत अडकून राहतो, ताज्या हवेला जागा उरत नाही. ब्यूखी यांनी १९२५ च्या पेटंटमध्ये या नळ्याच वेगळ्या केल्या. ज्यांचे धूर एकमेकांच्या आड येत नाहीत अशा सिलिंडरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला टर्बाइनपर्यंत स्वतंत्र, अरुंद नळी दिली. त्यामुळे धुराचा प्रत्येक ठोका टर्बाइनवर जसाच्या तसा आदळू लागला. याच्या जोडीला हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा काही क्षण एकदमच उघड्या ठेवण्याची योजना होती. ताजी हवा सिलिंडर झाडून काढत असे आणि तो थंडही करत असे. चार सिलिंडरांच्या आजच्या अनेक टर्बो मोटारींत १ व ४ आणि २ व ३ अशा जोड्यांचे धूर वेगवेगळ्या मार्गाने टर्बाइनकडे नेले जातात. त्यामागचे तत्त्व हेच आहे.

यश मग झपाट्याने आले. बाल्टिक समुद्रात पूर्व प्रशियाच्या मार्गावर धावणाऱ्या ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरांच्या इंजिनांची ताकद टर्बोमुळे १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. आकार तोच, वाढ चाळीस टक्क्यांहून अधिक! ब्यूखी यांनी १९२६ मध्ये सुल्झर सोडली आणि ब्राऊन बोव्हेरी व विंटरथूरच्याच एका लोकोमोटिव्ह कारखान्यासह स्वतःच्या नावाचा संघ स्थापन केला. जगभरचे इंजिन उत्पादक त्यांच्या पद्धतीचे परवाने घेऊ लागले. स्वित्झर्लंडच्या साउरर कंपनीने १९३८ मध्ये मालमोटारीच्या डिझेल इंजिनाला टर्बो बसवला. ‘डॉर्ट मेर्स्क’ या डॅनिश तेलवाहू जहाजाच्या रूपाने १९५२ मध्ये टर्बो बसवलेले टू-स्ट्रोक इंजिन प्रथमच समुद्रावर उतरले. न्हावा-शेवाला येणाऱ्या मोठ्या कंटेनर जहाजांची इंजिने याच वंशातली.

२७ ऑक्टोबर १९५९ रोजी विंटरथूर येथेच ब्यूखी यांचे निधन झाले. टर्बो बसवलेली खासगी मोटार बाजारात येण्यास तेव्हा तीन वर्षे बाकी होती.

ती आली अमेरिकेत, १९६२ मध्ये. शेव्हरलेची कॉर्व्हेर मॉन्झा स्पायडर आणि ओल्ड्समोबाइलची जेटफायर. जेटफायरची कथा ब्यूखी यांना निश्चितच ओळखीची वाटली असती. इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून या गाडीत पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून सोडले जाई. टाकी रिकामी झाली की गाडी आपण होऊन दाब कमी करी. मालक टाकी भरायला विसरत आणि टर्बो बिघडल्याची तक्रार घेऊन विक्रेत्याकडे जात. पुढे कंपनीने अनेक गाड्यांचे टर्बोच काढून साधे कार्बोरेटर बसवून दिले. धडधाकट अवयव कापून टाकण्याचाच हा प्रकार.

तोच प्रकार आजही घडतो. औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथे जुळणी झालेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २००४ मध्ये भारतीय बाजारात आली, तेव्हा १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन ही येथे अपूर्वाईची गोष्ट होती. त्या पिढीच्या गाड्या आता वीस वर्षांच्या झाल्या आहेत. उष्णतेने रबरी नळ्या कडक होऊन तडकतात. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत क्लॅम्प आणि पत्र्याचे भाग गंजतात. दाब नाही म्हटल्याबरोबर टर्बो बदलण्याचा सल्ला मिळतो आणि मालकाच्या खिशाला मोठी कात्री लागते. नवा टर्बो बसतो, पण फुटकी नळी तशीच राहिल्याने पिकअप काही येत नाही.

वास्तविक तपासणी उलट्या टोकाने व्हायला हवी. प्रथम एअर फिल्टर. त्यानंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तेथून इंजिनापर्यंतच्या सर्व नळ्या. इंजिन बंद ठेवून हवेचे तोंड बुच लावून बंद करावे, जपून थोडीच दाबाची हवा आत सोडावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडावे. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून पाहतो तसे बुडबुडे गळतीची जागा दाखवतात. वेग घेताना फुस्स असा आवाज येणे किंवा डिझेल गाडीने काळा धूर सोडणे हीदेखील गळतीची खूण असू शकते. पुढे पाळी येते ती दाब परत वळवणाऱ्या झडपेतील रबरी पडद्याची. तो फाटला की कोंबलेली हवा आल्या वाटेने परत जाते. बारीक व्हॅक्यूम नळ्या आणि दाब मोजणारा सेन्सर ही त्यानंतरची ठिकाणे.

मग धुराची बाजू. टर्बाइनला वळसा घालून धूर सोडणारी वेस्टगेटची झडप गंजून उघडी अडकली, तर दाब बनतच नाही. बंद अडकली, तर तो मर्यादेबाहेर जातो आणि गाडीचा संगणक स्वतःच शक्ती तोडतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला गेलेली चीर किंवा सायलेन्सरच्या वाटेवर चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हाही परिणाम तोच घडवतो. हे सारे निर्दोष आढळले, तरच थंड इंजिनावर टर्बोच्या दांड्याला हात लावावा. दांडा आडवा किंचित हलणे स्वाभाविक असते, कारण तो तेलाच्या थरावर तरंगतो. पुढे-मागे जाणवण्याजोगा हलत असेल, पाती आतल्या भिंतीला घासल्याच्या खुणा दिसत असतील, तर मात्र टर्बो खोलावाच लागतो.