एका पंगतीतील समता

कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेल्या भाऊराव पाटील यांनी सत्यशोधक चळवळीतील समतेचा विचार रोजच्या जगण्यात आणला. १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह उघडले. तेथे मुले मिळून स्वयंपाक करीत, एका पंगतीत जेवत आणि श्रम करून शिकत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मात्र धान्याची चणचण कायम असे. पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या अन्नासाठी दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. १९३० मध्ये त्या निवर्तल्या. पंगत मोडली नाही. ९ मे १९५९ रोजी कर्मवीरांचे निधन झाले, तेव्हा त्या पंगतीतील कित्येक मुले संस्थेच्याच शाळांत शिकवीत होती.