खाज्या नाईक : घाटाचे रखवालदार



आपल्या तळोद्यातून दिसणारा सातपुडा पूर्वेला सेंधव्यापर्यंत जातो. तिथल्या घाटात खाज्या नाईक रखवालदार होते. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे वाटसरू सुखरूप पार करणे हे त्यांचे काम. वडील गुमान नाईकही तेच करीत.

डोंगरवाटा राखायच्या आणि त्याबद्दल हक्क घ्यायचा, ही भिल्लांची जुनी रीत. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला. पुढे हक्काची जागा पगाराने घेतली. हक्क आपला असतो. पगार साहेबाच्या मर्जीवर.

खाज्यांनी सुमारे वीस वर्षे चाकरी केली. मग एका कैद्याच्या मृत्यूबद्दल त्यांना तुरुंगवास झाला. तो दोष आपण झाकू नये. सुटल्यावर त्यांना पुन्हा कामावर घेतले, पण मन सांधले नाही. १८५७ मध्ये त्यांनी बंड केले. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला मोठी लढाई झाली. पकडलेल्या अनेक भिल्लांना गोळ्या घातल्या गेल्या. १८६० मध्ये खाज्यांचा विश्वासघाताने खून झाला.

दूर आयर्लंडमध्येही इंग्रजांशी वैर असेच वाढले. तिथले शेतकरी वाडवडिलांच्या जमिनीवर कुळे झाले. वैराचे मूळ बंडाच्या कितीतरी आधी रुजलेले असते.

आपल्या पाड्यावर बांधाचे भांडण मिटवायला बसू, तेव्हा पहिला दगड कोणी मारला एवढेच विचारू नये. त्याआधी कोणाचे काय गेले होते, तेही विचारू या.

आपले धर्मगुरू