अदृश्य किरणांचे अध्यापक : जगदीशचंद्र बोस

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमधील मैमनसिंग येथे झाला. वडील भगवानचंद्र सरकारी सेवेत उपदंडाधिकारी होते. अशा अधिकाऱ्याच्या मुलाने इंग्रजी शाळेत जावे, ही त्या काळची प्रतिष्ठित रीत. भगवानचंद्रांनी मात्र फरीदपूरला मुलाला बंगाली पाठशाळेत घातले. परकी भाषा शिकण्यापूर्वी मुलाने आपली भाषा आणि आपली माणसे ओळखावीत, अशी त्यांची धारणा होती. वर्गात जगदीशचंद्रांच्या एका बाजूस वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे, तर दुसऱ्या बाजूस कोळ्याचा. त्यांच्याकडून पशुपक्ष्यांच्या व जलचरांच्या गोष्टी ऐकतानाच निसर्गाविषयीचे कुतूहल त्यांच्या मनात रुजले. आईही या सवंगड्यांना भेदभाव न करता घरी खाऊ घालीत असे.

पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर लाफों यांच्या सप्रयोग व्याख्यानांनी त्यांना पदार्थविज्ञानाची गोडी लावली. वैद्यक शिकण्यासाठी ते लंडनला गेले. परंतु प्रकृतीने साथ न दिल्याने केंब्रिजला येऊन त्यांनी लॉर्ड रॅले यांच्यासारख्या गुरूंकडे विज्ञानाचे शिक्षण घेतले. १८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. तेथे भारतीय प्राध्यापकाला युरोपीय सहकाऱ्यापेक्षा कमी वेतन मिळे. या अन्यायाचा निषेध म्हणून त्यांनी तीन वर्षे वेतन स्वीकारले नाही. मात्र एकही दिवस शिकवण्यात कसूर केली नाही. अखेर सरकारने पूर्ण वेतन मान्य केले आणि तेही मागील थकबाकीसह.

प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहरच आहे, हे मॅक्सवेल यांनी गणिताने दाखवले होते. तशाच, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी हर्ट्झ यांनी १८८८ च्या सुमारास प्रयोगशाळेत निर्माण केल्या. त्यांची लांबी मोठी असल्याने उपकरणेही अवाढव्य लागत. लहर वळवण्यासाठी हर्ट्झ यांना डांबराचा सुमारे सहाशे किलो वजनाचा लोलक घडवावा लागला होता. लहर आखूड केली तर सारा प्रयोग मेजावर मावेल, हे जगदीशचंद्रांनी ओळखले. महाविद्यालयातील एका लहानशा खोलीत, स्थानिक कारागिराच्या मदतीने, त्यांनी सुमारे पाच मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण करणारे यंत्र सिद्ध केले.

या यंत्राचे सामर्थ्य त्याच्या साधेपणात होते. आरशाने प्रकाश परततो, तशीच ही अदृश्य लहर धातूच्या पत्र्यावरून परतताना दिसे. गंधकाच्या लोलकातून जाताना ती वळे. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या जाड पुस्तकात पानापानांमध्ये कथिलाचा वर्ख घालून ते लहरीच्या वाटेत धरले, की एका स्थितीत ग्राहकाचा काटा हले. तेच पुस्तक पाव फेरा फिरवले, की काटा स्तब्ध होई. लहरीचे आंदोलन ठरावीक दिशेतच होते, हे एरवी आकृतीवाचून न उमजणारे तत्त्व अशा रीतीने डोळ्यांसमोर उभे राही. पीळ दिलेल्या तागाच्या जुड्या वाटेत ठेवल्या, तर पिळाच्या दिशेनुसार लहरीच्या आंदोलनाची दिशा डावीकडे किंवा उजवीकडे वळे. ताग आणि वेळापत्रक या घरोघरच्या वस्तू. त्यांनाच त्यांनी विज्ञानाची साधने केले.

१८९५ मध्ये कोलकात्यातील जाहीर प्रात्यक्षिकात त्यांनी मध्ये भिंती असतानाही दूरच्या खोलीतील घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. लहर दिसली नाही, तरी तिचे कार्य ऐकू आले आणि दिसलेही. न दिसणारी गोष्ट तिच्या परिणामावरून ओळखावी, हा विज्ञानाचा पहिला धडा त्या सभेला एकाही सूत्रावाचून मिळाला. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्येही त्यांनी आपले प्रयोग सादर केले. आज मोटारींच्या रडारमध्ये त्याच मिलिमीटर-पट्ट्यातील लहरी वापरल्या जातात.

पुढे ते वनस्पतींच्या संवेदनांच्या अभ्यासाकडे वळले. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा यांच्यासारखे विद्यार्थी प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकले. १९१५ मध्ये निवृत्त झाल्यावर, ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, त्यांनी कोलकात्यात विज्ञान मंदिर स्थापन केले. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९२१ मध्ये ‘अव्यक्त’ हा त्यांचा बंगाली लेखसंग्रह प्रसिद्ध झाला. जगाशी इंग्रजीत बोलणाऱ्या या शास्त्रज्ञाने आपल्या लोकांशी मात्र आपल्याच भाषेत संवाद साधला. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

मातृभाषेच्या शाळेत आरंभ झाला म्हणून विज्ञानाची वाट अडत नाही, हे या चरित्रातून सिद्ध होते. उलट, आपल्या भाषेत विचारलेला पहिला प्रश्नच पुढे दूरवर नेतो. महाराष्ट्रापासून दूर राहून मराठीतून शिकणाऱ्या मुलांना आणि त्यांना शिकवणाऱ्या गुरुजनांना जगदीशचंद्रांचे जीवन म्हणूनच आपले वाटावे.