सर चंद्रशेखर वेंकट रामन व समुद्राचा रंग

इ. स. १९२१ च्या सप्टेंबरात ‘नारकुंडा’ ही आगबोट विलायतेहून मुंबई बंदरात आली. ऑक्सफर्डच्या परिषदेहून परतणारे बत्तीस वर्षांचे एक अध्यापक तीवर होते. बोट बंदरात असतानाच, २६ तारखेस, त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकास समुद्राच्या रंगाविषयी पत्र लिहिले. तेच आमचे चरित्रनायक.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण विशाखापट्टणच्या मिशन शाळेत झाले, हे आमच्या वाचकांस आवडेल. मद्रासेस १९०७ साली ते एम. ए. झाले आणि सरकारी अर्थखात्यात दाखल झाले. कलकत्त्यास कचेरीच्या वेळेआधी व नंतर ते प्रयोगशाळेत राबत. १९१७ साली त्यांनी ती भरपूर वेतनाची नोकरी सोडून कमी वेतनाचे प्राध्यापकपद पत्करले. आपल्या मुलाने असे केल्यास काय वाटेल, हे पालकांनी आपल्या मनासच विचारावे!

खोल समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते. भूमध्य समुद्राचा गडद रंग पाहून रामन यांस ते पटेना. पाण्यावरून उभ्या रेषेशी सुमारे ५३ अंशांच्या कोनात परावर्तन पावणाऱ्या किरणांची कंपने एकाच दिशेची असतात व निकोलचा लोलक योग्य रीतीने फिरविल्यास ते किरण अडतात. रामन यांनी हाच लोलक डोळ्यास लावला. आकाशाचे प्रतिबिंब लोपले. निळाई मात्र नाहीशी न होता अधिकच गडद झाली! अर्थात ती पाण्याच्या अंतरंगातून, रेणूंनी विखुरलेल्या सूर्यप्रकाशामुळे येत होती. ह्याच शोधमार्गाने ते २८ फेब्रुवारी १९२८ च्या ‘रामन परिणामा’स व १९३० च्या नोबेल पारितोषिकास पोहोचले.

आमच्या नाशिकजवळ ओझर येथे १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. तेव्हा विमानातील रडारविषयी दोन शब्द अस्थानी ठरू नयेत. रडारच्या लहरी प्रकाशाच्याच जातीच्या, पण लांबीने कितीतरी मोठ्या. खाऱ्या पाण्यात त्या खोल शिरत नाहीत. म्हणून समुद्राकडून परतते ते सर्व पृष्ठभागावरूनच. तिरप्या दिशेने पाहता बारीक तरंग त्या लहरी मागे फेकतात आणि त्या गलबल्यात लहानशा होडीची खूण बुडून जाते. रामन यांनी पृष्ठभाग दूर सारून समुद्र पाहिला. रडारच्या गणितज्ञांस पृष्ठभागाचाच हिशेब मांडावा लागतो. कंपनांच्या दिशेचा विचार मात्र तेथेही सुटत नाही. आडव्या कंपनांचा प्रतिसाद उभ्यांहून बहुधा क्षीण असतो.

बंगळुरास रामन यांनी १९४८ साली स्वतःची संशोधनसंस्था स्थापिली. २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते निवर्तले व तिच्याच उद्यानात त्यांचा अंत्यविधी झाला.